४२० पिक्सेलचं बोधचिन्ह २० फुटी फ्लेक्सवर न्यायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेचा सुवर्णमहोत्सव आहे. बोधचिन्ह फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या जेपीजीत मिळालंय, ४२० बाय ४२० पिक्सेल. मधे उघडं पुस्तक आणि त्यावर समई, भोवती वर्तुळात शाळेचं नाव मराठीत. २० बाय १० फुटी फ्लेक्सवर ते ५ फूट व्यासाचं हवं आणि फाटकावर व्हिनाइलमध्ये कापून २ फुटी लावायचंय. फ्लेक्सवाला म्हणतो, "फुटेल," म्हणजे कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतील. फोटोशॉपमध्ये रेझोल्युशन ३०० करून दिलं तर भागेल का?

नाही भागणार. ३०० हा आकडा टाकताना 'रीसॅम्पल'ची खूण काढलेली असेल तर फाइलमध्ये काहीच बदलत नाही. तेच ४२० पिक्सेल आता १.४ इंचात छापायचे, एवढीच नोंद होते. खूण ठेवली तर फोटोशॉप शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजानं मधले पिक्सेल भरतं. पायऱ्या जातात आणि त्यांच्या जागी धूसरपणा येतो. मूळ चित्रात नसलेली कड त्यातून येत नाही.

आता हिशेब बघा. ५ फूट म्हणजे ६० इंच. ४२० भागिले ६०, म्हणजे इंचाला ७ पिक्सेल, आणि एकेक पिक्सेल साडेतीन मिलिमीटरहून मोठा चौकोन. हे किती वाईट दिसेल ते बघणारा किती लांब उभा आहे यावर ठरतं. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा बारकावा वेगळा दिसतो. त्यावरून सोपं सूत्र निघतं: ३४३८ ला अंतराच्या इंचांनी भागा, आलेले पिक्सेल दर इंचाला पुरेत. ४० फुटांवरून साधारण ७ पुरतात, म्हणजे रस्त्यापलीकडून तुमचं आहे तेच चित्र कसंबसं चालून जाईल. पण सुवर्णमहोत्सवाच्या फ्लेक्ससमोर माजी विद्यार्थी ६ फुटांवर उभे राहून फोटो काढणार. तिथे हेच सूत्र ४८ मागतं. फ्लेक्सवाल्याचं बरोबर आहे.

फ्लेक्सच्या मशीनवर लिहिलेला ७२० किंवा १४४० हा आकडा शाईच्या थेंबांचा असतो, तुमच्या फाइलच्या पिक्सेलांचा नव्हे. 'मशीन १४४०चं आहे, फाइलही तेवढी हवी' असं कोणी म्हणालं तर दुर्लक्ष करा.

काही रेखायला बसण्याआधी मूळ फाइल शोधा. अर्धा दिवस त्यात गेला तरी तो वाया गेला असं समजू नका. शाळेचं लेटरहेड, पावती पुस्तकं, प्रगतिपुस्तक, मागच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ हे सगळं कुठल्या तरी प्रेसमध्ये कोरलमध्येच, म्हणजे कोरलड्रॉ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, लागलेलं असतं. त्या प्रेसकडे सीडीआर, म्हणजे कोरलची मूळ फाइल, मागा. शाळेची किंवा संस्थेची जी कुठली पीडीएफ सापडेल, वार्षिक अहवाल, निमंत्रणपत्रिका, प्रवेश अर्ज, ती उघडून बोधचिन्हावर ६४०० टक्के झूम करा. कड धारदार राहिली तर आत व्हेक्टर आहे, म्हणजे पिक्सेलांऐवजी रेषांच्या गणितानं साठवलेला, कितीही मोठा केला तरी न फुटणारा आकार. ती पीडीएफ कोरलमध्ये किंवा इंकस्केप या तशाच सॉफ्टवेअरमध्ये उघडा, चिन्ह उचलून घ्या, आणि पुढचं बरंचसं काम वाचलं. झूम केल्यावर चौकोन दिसले तर ते पिक्सेलांचं चित्रच आहे. जेपीजी कोरलमध्ये आणून सीडीआर किंवा पीडीएफ म्हणून सेव्ह केलं की व्हेक्टर होतं, हा गैरसमज फार पसरलेला आहे. डबा बदलला तरी आतला माल तोच राहतो. आणि ज्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं त्याच्याकडे मोठं चित्र असेल तर ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवलं की आकार आणि दर्जा दोन्ही घटतात.

काहीच मिळालं नाही तर चिन्ह नव्यानं रेखायचं. असं साधं वर्तुळाकार बोधचिन्ह कोरलचा हात असलेल्या माणसाला दीड-दोन तासांचं काम आहे. खाली कोरलचे शब्द वापरतोय, पण इंकस्केप फुकट आहे आणि हे सगळं त्यात होतं.

पहिला मोह ऑटो ट्रेसचा होतो, म्हणजे सॉफ्टवेअरलाच कडा शोधून व्हेक्टर करायला लावण्याचा. बिटमॅप्स मेनूतलं आउटलाइन ट्रेस, त्यातला 'लोगो' प्रकार, झालं काम. ४२० पिक्सेलच्या जेपीजीवर थेट असं केलं तर जे येतं ते व्हेक्टर असतं खरं, पण वितळलेल्या मेणासारखं. कारण दोन आहेत. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे करून दाबतं, त्यामुळे अक्षरांभोवती करड्या मुंग्या येतात आणि ट्रेस त्यांना आकार समजून कडेला चिकटवतो. शिवाय जेपीजी सहसा रंगाची माहिती उजेडाच्या निम्म्या बारकाईनं साठवतं. म्हणून पिवळ्यावर लाल किंवा निळ्यावर लाल अक्षरं सगळ्यात जास्त बिघडतात आणि पांढऱ्यावर काळी सगळ्यात कमी.

तरीही ट्रेस पूर्ण टाकाऊ नाही, आधी चित्र नीट तयार करायला हवं. आणि इथली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. काळ्या आकाराच्या कडेला जे करडे पिक्सेल दिसतात, ती घाण नसते. कड त्या पिक्सेलमधून नेमकी कुठून जाते त्याची माहिती तिथे असते. ३० टक्के करडा म्हणजे काळ्या आकारानं त्या चौकोनाचा साधारण ३० टक्के भाग व्यापलाय. मूळ आकारातच थ्रेशोल्ड लावलंत, म्हणजे प्रत्येक पिक्सेल पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा केलात, तर हे सगळं फेकलं जातं आणि पायऱ्या पक्क्या होतात. म्हणून क्रम असा ठेवा. आधी चित्र करडं करा, पण नुसतं 'ग्रेस्केल' नको. लाल, हिरवा, निळा हे तीन चॅनल बघा आणि ज्यात आकार सगळ्यात गडद दिसेल तोच घ्या. पांढऱ्यावरचं लाल हिरव्या किंवा निळ्या चॅनलमध्ये काळं दिसतं, लालमध्ये जवळजवळ गायब होतं. मग ८०० टक्के मोठं करा, 'बायक्यूबिक स्मूदर' लावून. ३३६० पिक्सेल होतील. मग गॉशियन ब्लर, ४ पिक्सेलच्या आसपास, म्हणजे मूळ पिक्सेलच्या निम्म्याएवढा. थ्रेशोल्ड त्यानंतर, १२८ च्या आगेमागे. कड गुळगुळीत येते. ब्लर ७-८ वर नेलात तर पुस्तकाचे कोपरे गोल होतात आणि अनुस्वार शेजारच्या मात्रेला चिकटतो, तिथे थांबायचं. फोटोशॉपऐवजी जिंपमध्येही हाच क्रम चालतो. यानंतर ट्रेस केलात तर समईच्या नक्षीसारखा मुक्त आकार बराच कामाचा येतो.

पण वर्तुळ, सरळ रेषा आणि अक्षरं ट्रेसवर कधीच सोडू नका. वर्तुळाला ४ नोड, म्हणजे रेषेला आकार देणारे बिंदू, पुरतात. ट्रेसनं आलेल्या वर्तुळावर डझनावारी नोड असतात आणि प्रत्येकाशी थोडा हेलकावा असतो. लेटरहेडवर कळत नाही, ५ फुटांवर ते वर्तुळ बटाट्यासारखं दिसतं.

हातानं रेखताना जेपीजी खालच्या लेयरवर ठेवा, ५० टक्के पारदर्शक करून लॉक करा. आधी प्रमाण तपासा: बाहेरच्या कडेवर कंट्रोल दाबून शुद्ध वर्तुळ ओढा. बसलं नाही, तर कुणीतरी आधीच चिन्ह चेपलेलं आहे. तुमची फाइल ४२० बाय ४२० असली तरी आतलं चिन्ह ४२० बाय ३९६ असू शकतं. चित्र आधी सरळ करा, नाहीतर दोन तासांनी लक्षात येतं. मग बाहेरचं, आतलं, कडीचं अशी सगळी वर्तुळं एकाच केंद्रावर काढा. पुस्तक आणि समई दोन्ही डावी-उजवी सारखी असतात, तेव्हा अर्धंच काढा, आरशासारखं उलटवा आणि वेल्ड करा, म्हणजे दोन्ही अर्धे सांधून एकच आकार करा. बेझियर या वळणदार रेषेच्या साधनानं काढताना नोड वळणाच्या टोकांवर ठेवा, म्हणजे सगळ्यात डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली, आणि त्यांचे हात (वळण ठरवणाऱ्या दांड्या) आडवे किंवा उभे. ज्योतीला दोन नोड पुरतात, वरचा टोकदार आणि खालचा गोल. एखादी वळणदार रेषा जमत नसेल तर नोड वाढवू नका, कमी करा. शिफ्ट आणि एफ ९ दाबून वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या रेषांत, बघितलं की कुठे नोडांची गर्दी झालीय ते लगेच दिसतं.

आता खरी मेख, मराठी अक्षरं. तुमच्या चित्रात वर्तुळातल्या नावाची उंची ३० पिक्सेलच्या आसपास असेल, काना ३-४ पिक्सेल जाड आणि अनुस्वार ३ पिक्सेलचा ठिपका. यातून अक्षर ट्रेस होत नाही, ओळखता आलं तरी पुष्कळ. म्हणून ते नव्यानं टाइप करायचं. पण आधी शाळेकडून नाव लेखी घ्या. ३ पिक्सेलमध्ये 'मंदिर' आणि 'मंदीर' सारखेच दिसतात आणि २० फुटी फ्लेक्सवर वेलांटी चुकली तर सगळं गाव ती दाखवून जातं.

फॉन्ट ओळखताना एकेका अक्षराकडे बघण्यापेक्षा काना खाली कसा कापलाय, शिरोरेषेची जाडी कान्याच्या मानानं किती, 'क' आणि 'व' ची गाठ गोल की टोकदार, 'ल' आणि 'श' कोणत्या वळणाचे, हे बघा. जुनं चिन्ह डीटीपीवर झालेलं असेल तर श्रीलिपी किंवा आकृतीच्या घराण्यातला फॉन्ट असण्याची शक्यता मोठी. ते युनिकोड नाहीत. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथेच टाइप करा आणि तिथेच कंट्रोल-क्यू दाबून कर्व्ह, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार, करून आणा, नाहीतर दुसरीकडे उघडल्यावर अक्षरांची खिचडी होते. युनिकोडमध्ये जवळचं काही चालणार असेल तर मुक्ता, बलू किंवा तिरो देवनागरी मराठी बघा. कुठल्याही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येत नाहीत ना, हे तपासा. काही फॉन्टमध्ये मराठी रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी ठरवल्याशिवाय ती पुढे येत नाहीत. जुन्या कोरलमध्ये युनिकोड मराठी जोडाक्षरं फुटतात किंवा वेलांटी भलतीकडे जाते. अशा वेळी इंकस्केपमध्ये टाइप करा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा आणि पीडीएफमधून कोरलमध्ये आणा. इलस्ट्रेटर वापरत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक पर्याय आधी चालू करा.

शाळा ५० वर्षांची आहे म्हणजे अक्षरं पेंटरनं हातानं काढलेली असण्याचीही शक्यता आहे. मग फॉन्ट सापडणारच नाही, आणि जवळचा फॉन्ट घालून चिन्हाचं रूप बदलण्याआधी संस्थेला विचारा. हातानं काढायची वेळ आली तर देवनागरीचा एक फायदा घ्या: अवयव पुन्हा पुन्हा येतात. एक काना, एक वेलांटी, एक गाठ नीट घडवलीत की अर्धी अक्षरं त्यातूनच जुळतात. कान्याचा खालचा तिरका काप बोरूच्या कोनातून आलेला असतो. ट्रेस तो गोल करतो, तुम्ही सरळ ठेवा.

वर्तुळाकार मजकुरात आणखी एक खड्डा आहे. 'फिट टेक्स्ट टू पाथ' केलं की प्रत्येक अक्षर वर्तुळावर फिरतं, पण वाकत नाही, सरळच राहतं. रोमन लिपीत ते चालतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते. वर्तुळाच्या वरच्या भागात अक्षरांमध्ये पाचरीसारख्या फटी पडतात, खालच्या भागात उलट्या बाजूनं बसवलेल्या मजकुरात टोकं एकमेकांवर चढतात. उपाय असा: अक्षरं बसवून कर्व्ह करा, शिरोरेषेच्या जाडीएवढ्या अंतराची दोन समकेंद्री वर्तुळं काढा, त्यातून हवी तेवढी कमान कापा, ती शिरोरेषेवर ठेवा आणि शब्दागणिक वेल्ड करा. जी टोकं कमानीबाहेर डोकावतील ती कापा. दोन शब्दांमधली जागा मोकळी राहू द्या, सगळं वर्तुळ एकाच रेषेनं सांधू नका. एन्व्हलप या आकार वाकवायच्या साधनानं मजकूर खरोखर वाकवताही येतो, पण वर्तुळ लहान असेल तर अक्षरं वरून फुगतात आणि खालून आवळतात.

चिन्ह तयार झालं की मोठं करण्याआधी आउटलाइन तपासा. इथे पुष्कळ चांगली कामं बिघडतात. ४ इंचाच्या चिन्हाला १ मिलिमीटरची आउटलाइन दिली आणि ते ६० इंचांचं केलं, तर एफ १२ च्या खिडकीत 'स्केल विथ ऑब्जेक्ट'ची खूण नसल्यास ती १ मिलिमीटरच राहते. कडी केसासारखी दिसते. इलस्ट्रेटरमध्ये हेच 'स्केल स्ट्रोक्स' नावानं असतं. सगळ्यात बिनधोक म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-क्यू दाबून आउटलाइनचा आकारच करून टाकायचा. मूळ फाइलची एक प्रत मात्र आउटलाइन आणि टाइप केलेल्या मजकुरासकट वेगळी ठेवा.

रंग जेपीजीतून उचलताना कडेचा नको, आकाराच्या मधला घ्या, आणि तोही अंदाज म्हणूनच. भगव्याला ०-६५-१००-० पासून सुरुवात करा (हे सायन, मजेंटा, पिवळा आणि काळा या शायांचे टक्के). निळ्यात सायन आणि मजेंटा दोन्ही १०० ठेवलेत तर फ्लेक्सवर ते जांभळट दिसतं, मजेंटा ७० च्या आत ठेवा. मोठ्या काळ्या भागाला नुसता के १००, म्हणजे फक्त काळी शाई, राखाडी दिसतो, ६०-४०-४०-१०० चांगला बसतो. बारीक काळ्या अक्षरांना मात्र के १०० च ठेवा, चारही रंगांत थोडाही सरकाव झाला की अक्षराला झालर येते. मागून ट्यूबलाइट असलेला बॅकलिट बोर्ड असेल तर हे सगळे आकडे त्या मशीनवर नमुना काढूनच ठरतात.

बोर्डाची फाइल. कोरलमध्ये पान १५० फुटांपर्यंत जातं, त्यामुळे २० बाय १० फूट खऱ्या मापात करता येतं. इलस्ट्रेटरचा नेहमीचा कॅनव्हास २२७ इंचांवर संपतो, आणि २० फूट म्हणजे २४० इंच. पुष्कळ दुकानांत १ फुटाला १ इंच धरून २० बाय १० इंचांत काम करतात. तसं केलंत तर एक्स्पोर्ट करताना १२ नं गुणायला विसरू नका: खऱ्या मापात इंचाला ७२ पिक्सेल हवे असतील तर फाइलला ८६४ द्यावं लागतं. दोन्हीकडून १७२८० बाय ८६४० पिक्सेल होतात, सीएमवायकेमध्ये न दाबता साधारण ६०० एमबी. एवढं तुमच्या बोर्डाला पुरून उरतं. मान्यवरांचे फोटो ३६ ते ५० वरही चांगले दिसतात. ४० फुटी बोर्ड असेल तर ७२ वर लांबी ३४५६० पिक्सेल होते आणि फोटोशॉपच्या साध्या पीएसडी फाइलची मर्यादा ३०००० आहे, तेव्हा एकतर टिफ द्या किंवा ५० वर या. फ्लेक्सवाला पीडीएफ घेत असेल तर चिन्ह व्हेक्टरच जाऊ द्या.

माप ठरवण्याआधी रोलची रुंदी विचारा. १० फुटी रोलवर बरोबर १० फूट उंचीचं छापलं तर फ्रेमवर गुंडाळायला काही उरत नाही. चिन्ह आणि मजकूर चारही कडांपासून किमान ४-५ इंच आत ठेवा, कारण आयलेट, खिळे आणि दुमड तिथेच येतात. पूर्ण बोर्ड टाकण्याआधी चिन्हातला एक तुकडा, नावाचं एखादं अक्षर आणि कडी येईल असा, खऱ्या मापात ए ४ वर काढून भिंतीला लावा आणि ६ फुटांवरून बघा.

एआयनं मोठं करून देणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दलही विचारलं जातं. अपस्केलसारखी फुकट साधनं फोटोंसाठी खरोखर उपयोगी आहेत, मुख्याध्यापकांचा जुना फोटो त्यातून जरूर काढा. अक्षरांवर मात्र ती साधनं अंदाज बांधतात. 'द्या'चा 'घा' होतो, मात्रा शिरोरेषेत विरघळते, आणि निकाल इतका चकचकीत दिसतो की चूक नजरेतून सुटते. फ्लेक्स उद्या सकाळीच लागायचा असेल तर चिन्हाचं चित्र त्यातून काढा, अक्षरं टाइप करूनच वर बसवा.

फाटकावरच्या व्हिनाइलची गोष्ट वेगळी. तिथे कटिंग प्लॉटरचं पातं प्रत्येक रेषेवरून फिरतं. मराठी युनिकोड मजकूर कर्व्ह केला की शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकांवर थोड्या चढलेल्या असतात. पडद्यावर काही दिसत नाही, पण पातं प्रत्येक जोडावर उभी चीर मारतं. नुसतं 'कंबाइन' केलंत तर चढलेला भाग भोक होतो. म्हणून वेल्डच करायचं आणि वायरफ्रेममध्ये आतली एकही रेघ उरली नाही ना हे बघायचं. २ फुटी चिन्हात तुमचा अनुस्वार जेमतेम साडेचार मिलिमीटरचा येतो. एवढा ठिपका नको असलेलं व्हिनाइल सोलतानाच निघून येतो, आणि टिकला तरी पहिल्या पावसाळ्यात जातो. कापायच्या प्रतीत तो ६ मिलिमीटरचा करा, समईच्या नक्षीतल्या ३ मिलिमीटरहून बारीक रेषा जाड करा किंवा काढून टाका. प्लॉटरवाल्याला फाइल खऱ्या मापात, एकाच रंगात, आउटलाइन नसलेली द्या, आणि शब्द सुटा सुटा न चिकटवता ट्रान्स्फर टेपवर अख्खी कमान एकदमच उचलायला सांगा.